हद्दीची मोजणी

आमचे थोरले बंधू आप्पा यांनी भूमिअभिलेख खात्यात ३१ वर्षे नोकरी केली, आणि त्यांतली बहुतेक वर्षे शंकू-साखळी घेऊन बांधाबांधांवरून हिंडण्यात, भाऊबंदांनी रातोरात उकरून टाकलेला हद्दीचा दगड मूळ कोठे होता हे जुन्या टिपणावरून शोधून काढण्यात, आणि मग दोन्ही बाजूंचा राग निमूटपणे सोसण्यात गेली. अशा माणसाच्या मेंदूत वयाच्या ६४ व्या वर्षी गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, आणि आठ दिवसांनी हाती आलेल्या तपासणीच्या कागदावर इतर दुर्बोध मजकुराबरोबर एक वाक्य असे होते, की गाठीची कड अनियमित असून ती भोवतालच्या ऊतींत पसरली आहे. आप्पांनी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला आणि समोरच्या डॉक्टरांना, एखाद्या खातेदाराला विचारावे तशा सरळ स्वरात, विचारले, "अनियमित म्हणजे किती? हद्द कायम करता येत नाही, असे म्हणायचे आहे का तुम्हांला?" डॉक्टर मोठे सौजन्यशील होते. ते म्हणाले, "आप्पासाहेब, तसेच समजा." त्यानंतर आप्पा तेरा महिने होते.

त्यांचा तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. विकृतिशास्त्राचे अहवाल चाळताना माझ्या ध्यानात आले, की या शास्त्राची भाषा शंभर-दीडशे वर्षे विशेषणांवर उभी आहे: कड अनियमित, पेशी बहुरूपी, केंद्रके गडद, वाहिन्यांची वाढ लक्षणीय. ही विशेषणे पोकळ नव्हेत. एकेका शब्दामागे हजारो काचपट्ट्या पाहून तयार झालेली नजर असते. परंतु 'अनियमित' हा शब्द मुंबईच्या डॉक्टरने आणि मिलानच्या डॉक्टरने एकाच मापाने वापरला आहे की नाही, याची रुजवात घालायला त्या शब्दापाशी काहीच नसते. गेल्या तीनचार दशकांत काही शस्त्रवैद्यांनी, काही अभियंत्यांनी आणि काही गणित्यांनी मिळून या अनियमितपणालाच माप लावण्याचा जो उद्योग आरंभिला, त्यासाठी त्यांनी जी भूमिती हाती घेतली तिला फ्रॅक्टल भूमिती म्हणतात, आणि तिचा उगम, योगायोगाने म्हणा, हद्दींच्या मोजणीतच झालेला आहे.

हे सारे प्रत्यक्ष पाहावे म्हणून मी मुंबईतील एका जुन्या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात काही दिवस जाऊन बसलो. तेथे मायक्रोटोमवर बसणारे एक वयस्क तंत्रज्ञ आहेत. त्यांचे काम पाहणे हाच एक संस्कार आहे. फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेला, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून नेऊन पाणी काढून घेतलेला आणि शेवटी पॅराफिनच्या मेणात बसवलेला मेंदूचा तुकडा, ज्याला तेथे सगळे 'ब्लॉक' म्हणतात, तो आधी बर्फावर ठेवून कडक करतात आणि मग यंत्राच्या तोंडाशी आवळतात. चाकाचा एक फेरा झाला की पात्यावरून चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे पापुद्रे केले असता त्यांतला एक, असा काप सरकून येतो, त्याच्या कडेला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा, आणि बघता बघता मेणाची एक अर्धपारदर्शक फीत लोंबू लागते. ही 'रिबन' चिमट्याने उचलून कोमट पाण्यावर अल्लद सोडली, की तिच्या सुरकुत्या दुधावरच्या सायीसारख्या आपोआप उलगडतात, आणि त्याच क्षणी तिच्याखाली काच घालून ती वर उचलायची असते. क्षणभर उशीर झाला तर ऊती ताणते, ताणली की पेशींमधले अंतर बदलते. "डॉक्टर मॅडमला खोटं दिसायला नको," एवढेच ते म्हणाले, आणि पुढचा ब्लॉक त्यांनी आवळला.

पुढे रंगांची पाळी येते. हिमॅटॉक्सिलिन नावाचे द्रव्य, जे मूळचे मेक्सिकोकडील एका झाडाच्या गाभ्यातून निघते, केंद्रकांना निळेजांभळे करते. इओसिन बाकीच्या ऊतीला गुलाबी छटा देते. विभागाच्या ज्येष्ठ डॉक्टरबाईंनी मला दोन माणसांनी एकाच वेळी पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकाशी बसवले, प्रकाशाचा एक हिरवा बाण दृश्यात आणला आणि तो हळूहळू फिरवीत त्या बोलू लागल्या. मध्यभागी एक फिकट, निर्जीव प्रदेश होता. त्याच्या भोवताली, दुष्काळात आटत चाललेल्या विहिरीपासून उठून निघालेल्या माणसांची जशी दाटी व्हावी, तशी लांबट पेशींची दाटी होती. जेथे प्राणवायू संपला तेथून त्या बाहेर सरकत होत्या. बाजूला रक्तवाहिन्यांचे गुच्छ होते, विंचरून फणीत राहिलेल्या गुंतवळासारखे, वळसे घेऊन स्वतःतच अडकलेले. "या दोन गोष्टी दिसल्या की आम्ही चौथी श्रेणी म्हणतो," बाई म्हणाल्या. चौथी श्रेणी म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. आप्पांच्या कागदावर हाच शब्द होता.

मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या ज्या पेशी, त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने ग्लिया हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सरस, चिकटवण्याचे द्रव्य. या सरसापासून उद्भवणाऱ्या गाठी म्हणजे ग्लायोमा. १९२६ साली हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या दोघा अमेरिकनांनी शेकडो गाठी पाहून त्यांचे पहिले पद्धतशीर वर्गीकरण सिद्ध केले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या चार श्रेणी त्याच वंशावळीत येतात. परंतु वर्गीकरणाने गाठीचे नाव ठरले, तिची हद्द ठरली नाही. ती ठरवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी केला. १९२८ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की अशा काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल त्यांनी समूळ काढून टाकला होता. शेतातला तंटा मिटवण्यासाठी सबंध गाव उठवावे तसाच हा प्रकार, आणि तरीही गाठ परतलीच. त्याचे कारण १९३८ च्या सुमारास हान्स योआखिम शेरर यांनी दाखवून दिले: या पेशी वाट फुटेल तिकडे जात नाहीत; त्या मेंदूच्याच तयार वाटांनी, शुभ्र चेतातंतूंच्या जुड्यांवरून, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने, मेंदूच्या पृष्ठभागावरील पातळ पापुद्र्याखालून, चेतापेशींच्या भोवती रेंगाळत पुढे सरकतात. म्हणजे गाठीच्या कडेचा आकार हा निम्मा गाठीचा आणि निम्मा मेंदूचा असतो. पुढील विवेचनात हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण कडेचे माप घेताना आपण कोणाचे माप घेतो हा प्रश्न सारखा उभा राहणार आहे.

आता मोजणीकडे येऊ. लुईस फ्राय रिचर्डसन हे इंग्लंडचे एक क्वेकर पंथी, युद्धविरोधी शास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात ते रुग्णवाहिका पथकात होते, आणि राष्ट्रे का लढतात याचा गणिताने शोध घ्यावा या ध्यासाने त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. शेजारी देशांची समाईक सरहद्द जितकी लांब तितका तंट्याचा संभव अधिक असेल काय, हे तपासण्यासाठी त्यांनी सरहद्दींच्या लांब्या गोळा केल्या, आणि त्यांना तेथे एक विलक्षण तफावत आढळली. स्पेनच्या दप्तरी पोर्तुगालशी असलेली सरहद्द ९८७ किलोमीटर, तर पोर्तुगालच्या दप्तरी तीच १,२१४. हॉलंड आणि बेल्जियम यांच्यामधली एकाकडे ३८०, दुसऱ्याकडे ४४९. कोणाचाही कारकून चुकला नव्हता. छोट्या देशाने आखूड पट्टी घेतली होती, आखूड पट्टी अधिक वळणांत शिरते, आणि जितकी वळणे तितकी लांबी. १९५३ साली रिचर्डसन वारले; हे काम छापून आले १९६१ साली.

आपल्याकडेही हेच नुकतेच घडले आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताच्या किनाऱ्याची लांबी, जी शाळेत आपण ७,५१६.६ किलोमीटर म्हणून पाठ केली, ती ११,०९८.८१ किलोमीटर अशी नोंदली गेली, आणि महाराष्ट्राची ६५२.६ वरून ८७७.९७ झाली. कोकण काही वाढले नाही. पूर्वीचे माप एकास पंचेचाळीस लक्ष या प्रमाणाच्या नकाशावरून घेतलेले होते, नवे एकास अडीच लक्ष या प्रमाणावरून. त्यामुळे जुन्या नकाशात ज्या खाड्यांच्या तोंडावरून रेघ सरळ पुढे गेली होती, त्यांच्या आत ती आता शिरली. आप्पा असते तर या फेरफाराच्या नोंदीवर त्यांनी सबंध संध्याकाळ काढली असती, कारण साखळीने मोजलेला ओढ्याचा काठ आणि पावलांनी मोजलेला काठ कधीच जुळत नाही, हे त्यांनी आम्हांला लहानपणीच बांधावर उभे करून शिकवले होते.

रिचर्डसन यांची ती तफावत बेन्वा मँडेलब्रॉट यांच्या हाती पडली. १९२४ साली वॉर्सा येथे जन्मलेला, १९३६ साली कुटुंबाबरोबर फ्रान्सला आलेला, नाझी अंमलात लपतछपत वाढलेला आणि पुढे अमेरिकेत आयबीएम या कंपनीच्या संशोधनकेंद्रात स्थिरावलेला हा ज्यू गणिती. १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा साधा दिसणारा प्रश्न विचारला, आणि उत्तर दिले ते असे, की लांबी विचारूच नका, कारण तिला निश्चित उत्तर नाही. पट्टी आखूड करीत गेल्यावर लांबी कोणत्या गतीने वाढते ते विचारा, कारण ती गती निश्चित आहे. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासाठी या गतीवरून येणारी मिती १.२५ आहे, दक्षिण आफ्रिकेच्या गुळगुळीत किनाऱ्यासाठी १.०२. भंगलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून १९७५ साली त्यांनी अशा आकारांना फ्रॅक्टल हे नाव दिले.

अपूर्णांकात मिती कशी असेल, ही शंका स्वाभाविक आहे, आणि तिचे निरसन चौकटीच्या कागदावर होते. कागदावर सरळ रेघ काढा आणि ती किती चौकटींना स्पर्श करते ते मोजा. चौकटीची बाजू निम्मी करा, रेघेला शिवणाऱ्या चौकटी दुप्पट होतील. रेघेऐवजी शाईचा भरीव डाग घेतला तर त्या चौपट होतील. दुप्पट म्हणजे एक मिती, चौपट म्हणजे दोन. आता किनाऱ्यासारखी नागमोडी रेघ घ्या. चौकटी दुपटीहून अधिक आणि चौपटीहून कमी वाढतील, आणि त्या वाढीवरून निघणारा घातांक एक आणि दोन यांच्या मध्ये कोठेतरी पडेल. मिती १.७० असेल तर प्रत्येक वेळी सुमारे सव्वातीनपट, १.८९ असेल तर पावणेचारपटीच्या किंचित खाली, १.९९ असेल तर जवळजवळ चौपट. स्वीडनच्या हेल्ग फॉन कॉख यांनी १९०४ साली एक रेघ रचली, तीत प्रत्येक तुकड्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्शाच्या जागी त्रिकोणाचा कोंभ काढायचा आणि हे अनंत काळ चालू ठेवायचे. माप तिसऱ्या हिश्शावर आणले की तुकडे चौपट, म्हणून तिची मिती १.२६. अशा मितीला शास्त्रीय पाया दिला फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी, १९१८ च्या सुमारास. ते बॉनचे प्राध्यापक. १९४२ च्या जानेवारीत छावणीत रवानगी होण्याची वेळ आली तेव्हा पत्नी आणि मेहुणी यांच्यासह त्यांनी मृत्यू पत्करला. ज्या मितीचा आज रुग्णाच्या ऊतीवर उपयोग होतो, तिच्या जनकाचे नाव घेताना हे स्मरण मला टाळता येत नाही.

ऊतीवर हा उपयोग अनेक अंगांनी झाला. कोणी केंद्रकांची कड मोजली, कोणी पेशींची दाटी. अमेरिकेत खान इफ्तेखारुद्दीन यांच्यासारख्या अभियंत्यांनी एमआरआयच्या चित्रांतील पोत याच रीतीने तपासून गाठ हुडकण्याचे प्रयत्न केले. परंतु मला या विषयाचा गाभा वाटतो तो रक्तवाहिन्यांचा. कारण वाहिन्यांचे जाळे हा गाठीने स्वतःच्या भुकेपायी उभारलेला बंदोबस्त आहे, आणि त्याच्या आकारात गाठीचा कारभार दिसतो.

राकेश जैन हे कानपूरच्या आयआयटीतून रासायनिक अभियांत्रिकी शिकून अमेरिकेस गेलेले संशोधक. बोस्टनमधील त्यांच्या गटाने १९९५ साली उंदरांच्या त्वचेत बसवलेल्या पारदर्शक खिडकीतून निरोगी आणि अर्बुदग्रस्त ऊतींतील वाहिन्यांची जाळी पाहिली आणि चौकटी मोजल्या. निरोगी रोहिणी-नीलांची मिती आली १.७०, निरोगी केशवाहिन्यांची १.९९, अर्बुदातील वाहिन्यांची १.८९. हे तीन आकडे नीट पाहावे. निरोगी केशवाहिन्यांची मिती दोनला भिडते, कारण प्राणवायू वाहिनीपासून मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशापलीकडे झिरपत नाही, आणि म्हणून कोणतीही पेशी पाण्यावाचून राहू नये अशा बेताने शरीराने हे पाट समानतेने खेळवलेले असतात. अर्बुदाची मिती त्याहून कमी. जेथे वाहिन्यांचा एवढा गुंतवळ दिसतो तेथे आकडा खाली यावा हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण गुंतवळ एकीकडे आणि ओसाड पट्टा दुसरीकडे, हीच अर्बुदाची रीत आहे. मुरमाड जमिनीत पाणी जसे जेथे फट सापडेल तेथे शिरते आणि कठीण खडकाला वळसा घालून जाते, त्या नियमाने बनणाऱ्या आकृतीची मिती गणिताने १.९० च्या जवळ येते, आणि अर्बुदाचा आकडा तिच्याशी जुळला. ज्या ओसाड पट्ट्यांना वळसा पडतो तेथे औषधही पोहोचत नाही, आणि प्राणवायूवाचून किरणोपचारही दुबळे ठरतात. या विशेषणविरहित आकड्यात रुग्णाच्या भवितव्याचा केवढा भाग सामावला आहे!

मेंदूच्या गाठींवर हे काम चिकाटीने नेले ते आंतोनियो दी इएवा या इटालियन शस्त्रवैद्यांनी, जे पुढे सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात गेले, आणि मिलानजवळील फाबियो ग्रित्सी यांच्यासारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००७ साली त्यांनी पियुषिका ग्रंथीच्या निरोगी व गाठ झालेल्या ऊतींतील सूक्ष्म वाहिन्या मोजल्या, तेव्हा निरोगी ग्रंथीची मिती गाठीपेक्षा अधिक निघाली. गाठ म्हणजे अधिक गुंतागुंत, हे सोपे समीकरण तेथेच मोडले. पुढे ते ग्लायोमाकडे वळले, आणि तेथे कमी व अधिक श्रेणीच्या गाठींतील जाळ्यांच्या गुंतागुंतीत फरक दिसतो असे त्यांनी मांडले. २०१६ साली त्यांनी संपादिलेला मेंदूच्या फ्रॅक्टल भूमितीवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. शस्त्र हातात धरणाऱ्या माणसाला या भूमितीचा ध्यास लागावा यात मला नवल वाटत नाही. हद्द सापडत नाही याचे दुःख त्याच्याइतके जवळून कोण भोगतो?

डॉक्टरबाईंनी मला हे काम हाताने करून पाहू दिले. वाहिन्यांच्या अस्तरालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने तपकिरी रंगवलेल्या एका काचपट्टीचे मोठे छापील चित्र त्यांनी टेबलावर पसरले, वर पारदर्शक चौकटीचा कागद ठेवला, आणि मी पेन्सिलीने एकेका चौकटीत टिंब देत मोजत गेलो. मोजून झाल्यावर त्यांनी काही न बोलता कागद अर्धे घर डावीकडे सरकवला. पुन्हा मोजले, संख्या बदलली. मग त्यांनी संगणकावर तेच चित्र काळे-पांढरे करून दाखवले: तपकिरी छटा किती गडद असेल तेव्हा तिला वाहिनी म्हणायचे, याची रेषा त्यांनी किंचित खाली आणली आणि कडेच्या बारीक फांद्या उगवल्या, किंचित वर नेली आणि त्या नाहीशा झाल्या. "म्हणून यंत्र चौकट पुष्कळ जागी ठेवून पाहतं आणि सगळ्यांत कमी संख्या धरतं," त्या म्हणाल्या, "पण ही रेषा कुठे ठेवायची ते माणूसच ठरवतो. ते कागदावर लिहून ठेवायला हवं. नाहीतर आमचा आकडा आणि दुसऱ्यांचा आकडा म्हणजे तुमचे ते स्पेन आणि पोर्तुगाल."

या भूमितीवरचे आक्षेप असे साधे आहेत, आणि म्हणूनच ते गंभीर आहेत. जाळे त्रिमितीत असते. चार मायक्रॉनच्या कापात त्याचे ठिपके आणि तुटक रेघा उरतात, म्हणजे झाडाची आडवी फळी पाहून फांद्यांचा विस्तार सांगण्यासारखे ते आहे. गणितातला फ्रॅक्टल अनंतापर्यंत स्वतःसारखाच राहतो. केशवाहिनीची रुंदी मात्र सातआठ मायक्रॉन आणि सूक्ष्मदर्शकाच्या दृश्याची रुंदी मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साऱ्या मोजणीला वाव मिळतो तो शंभर-दीडशे पटींचा. १९९८ साली डेव्हिड अव्हनीर आणि त्यांच्या इस्रायली सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांतील फ्रॅक्टलविषयक ९६ लेख तपासले, तेव्हा बहुतेकांचा पल्ला याहूनही तोकडा, सरासरीने वीसेक पटींचा निघाला, आणि निसर्गाची भूमिती खरोखरच फ्रॅक्टल आहे काय, असा रोखठोक प्रश्न त्यांनी विचारला. शिवाय दोन जाळ्यांची मिती एकच असून एक एकसारखी विणलेली आणि दुसरी मोठमोठ्या भोकांची असू शकते. ती भोके मोजण्यासाठी मँडेलब्रॉट यांनाच लॅक्युनॅरिटी हे वेगळे माप सुचवावे लागले. एक आकडा एकटाच साक्षीला उभा केला तर तो खोटे बोलणार नाही, पण अपुरे बोलेल.

याहून मोठा प्रश्न आणखी एका दिशेने आला. २००८ साली काही ग्लायोमांत आयडीएच या जनुकातील बदल सापडला, आणि २०१६ व २०२१ च्या जागतिक वर्गीकरणांत रेणूंच्या साक्षीला अग्रमान मिळाला. आज सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसणारी गाठसुद्धा जनुकांच्या दाखल्यावर ग्लायोब्लास्टोमा ठरू शकते. मग आकाराचे माप कशाला हवे? माझे मत असे, की जनुके गाठीचे कूळ सांगतात. तिने किती मुलूख व्यापला आणि त्याची वाट कशी लावली, हे आकार सांगतो, आणि शस्त्रवैद्याला, किरणोपचार करणाऱ्याला, वाहिन्यांवर रोखलेले औषध देणाऱ्याला नेमके हेच हवे असते. बेव्हॅसिझुमॅब हे वाहिन्यांची वाढ रोखणारे औषध २००९ साली अमेरिकेत परतलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मंजूर झाले, पण नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०१४ साली आले, त्याने आयुष्य लांबले नाही. औषध सर्वांना सरसकट देण्याऐवजी कोणाचे जाळे कसे आहे ते आधी मोजावे, हा विचार त्यामुळे अधिकच निकडीचा होतो. आणि आणखी एक गोष्ट, जी मला आग्रहाने सांगावीशी वाटते: जनुकांच्या चाचण्या महाग आहेत आणि त्या मोठ्या शहरांत होतात, मेण, पाते, रंग आणि सूक्ष्मदर्शक मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचलेले आहेत. ज्या मोजणीला एक छायाचित्र आणि एक साधा संगणक पुरतो, आणि जिचे प्रत्येक पाऊल रुग्णाच्या नातलगालाही चौकटीच्या कागदावर समजावून देता येते, ती आपल्या देशाने हातची घालवू नये.

या आजाराचे आयुर्मान आजही फार तुटपुंजे आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेमोझोलोमाइड हे औषध किरणोपचाराच्या जोडीला दिले गेले तेव्हा निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांपलीकडे जगले. नुसत्या किरणोपचारावर हा आकडा १२.१ होता. अडीच महिने. आमच्या घरी त्या अवधीत एक दिवाळी आली होती, आणि आप्पांनी नातवाला अंगणात दोरी धरून रांगोळीची हद्द आखायला शिकवले होते.

विभागातल्या माझ्या अखेरच्या दिवशी दुपारी शस्त्रक्रियागृहातून ओल्या गॉझमध्ये गुंडाळलेला एक कण आला. शस्त्रवैद्य आत कवटी उघडी ठेवून थांबलेले असताना अशा तपासणीचे उत्तर काही मिनिटांत द्यावे लागते. मेंदूची ऊती लोण्यासारखी मऊ. बाईंनी तो कण दोन काचांमध्ये धरून हलक्या दाबाने पसरला, रंगवला, पाहिला आणि फोनवर तीनच शब्द सांगितले. मग त्या पूर्वीच्या एका रुग्णाच्या पक्क्या काचपट्टीकडे वळल्या, जी मी कड पाहण्यासाठी मुद्दाम मागितली होती. गाठीच्या दाट भागापासून त्यांनी काच हळूहळू उजवीकडे सरकवायला सुरुवात केली. दाटी विरळ झाली. निरोगी दिसणारा गुलाबी प्रदेश लागला. मला वाटले संपली. हिरवा बाण एका एकाकी, लांबट, गडद केंद्रकाशी थांबला. "ही त्यातलीच," बाई म्हणाल्या. आणखी सरकवले. एका वाहिनीच्या कडेला दोन. पुन्हा मोकळे मैदान, पुन्हा एक, चेतापेशीला अगदी खेटून. आम्ही दोघेही बोलायचे थांबलो होतो. सूक्ष्मदर्शकाच्या खुंटीचा बारीक आवाज तेवढा येत होता. असे किती वेळ चालले कोण जाणे, आणि मग दृश्यात एकदम पांढरा, कोरा प्रकाश भरला. काच तेथे संपली होती.